बर्कनहेडची बाग आणि न्यूयॉर्कचे उद्यान

आपल्या माळी समाजाच्या स्मरणिकेत विलायतेतील बागेस जागा कशासाठी, असे काही ज्ञातिबांधव विचारतील. त्यास उत्तर एवढेच की, ही हकीकत मुळात एका माळ्याची आहे.

जोसेफ पॅक्स्टन हा इंग्लंडातील बेडफर्डशर परगण्यात इ. स. १८०३ मध्ये एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. लहानपणीच तो बागेच्या कामास लागला आणि १८२६ साली, पंचविशी उलटण्यापूर्वीच, डेव्हनशरच्या ड्यूकच्या चॅट्सवर्थ येथील बागेचा मुख्य माळी झाला. १८४९ साली त्याने तेथे दक्षिण अमेरिकेतील प्रचंड पानांचे कमळ फुलविले. त्या पानांवर त्याची लहान मुलगी उभी राही. पानाच्या पाठीवरील शिरांची बांधणी ध्यानी ठेवून त्याने १८५१ च्या लंडन प्रदर्शनाचा काचमहाल रचला. त्याच वर्षी त्यास 'सर' ही पदवी मिळाली. पुढे तो पार्लमेंटातही निवडून गेला. शिल्पशास्त्राची पदवी त्याच्यापाशी नव्हती. होती ती बागेतील विद्या.

या पॅक्स्टनने लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीपलीकडील बर्कनहेड गावी लोकांसाठी एक बाग आखली व ती १८४७ साली खुली झाली. जमीन दलदलीची होती. तीत तळी खोदून निघालेल्या मातीचे उंचवटे केले आणि त्यांवर झाडे लाविली. सार्वजनिक पैशातून उभारलेल्या पहिल्या उद्यानांत तिची गणना होते. बागेभोवतीच्या जमिनीचे तुकडे घरांसाठी विकून खर्च भरून काढावयाचा, अशीही योजना होती. व्यवहार कसा करावा, हे यावरून आपल्या संस्थांच्या चालकांनी अवश्य पाहावे.

१८५० साली फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड नावाचा अठ्ठावीस वर्षांचा अमेरिकन शेतकरी आपला भाऊ व एक मित्र यांसह पायी इंग्लंड पाहावयास आला. बर्कनहेडमधील एका पाववाल्याने, नवी बाग पाहिल्याशिवाय गाव सोडू नका, असा आग्रह धरिला. ओल्मस्टेड गेला आणि थक्क झाला. वळणाच्या वाटा, पाण्याचा निचरा, झाडांची मांडणी ही सारी त्याने बारकाईने पाहिली. परंतु त्यास सर्वांत भावले ते हे की, बागेत गरीब व श्रीमंत सारख्याच हक्काने फिरत होते. या प्रवासाचे पुस्तक त्याने १८५२ साली प्रसिद्ध केले.

१८५८ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी आलेल्या तेहतीस आराखड्यांतून ओल्मस्टेड व कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांचा आराखडा निवडला गेला. आडवे जाणारे चार रस्ते त्यांनी खोलगट घेतले. त्यामुळे गाड्यांची ये-जा बागेत दिसत नाही. बर्कनहेडची नक्कल मात्र त्यांनी केली नाही. तेथे पाहिलेले तत्त्व घेतले आणि न्यूयॉर्कच्या खडकाळ भूमीस शोभेल तसे वापरले. पाहणे व उचलणे यांतील हा भेद आपल्या तरुण मंडळींनी ओळखावा.

ओल्मस्टेडने मधल्या काळात अमेरिकेच्या दक्षिण भागात हिंडून गुलामगिरीने शेती व श्रम यांची काय दशा होते, तेही वर्तमानपत्रात लिहिले. महात्मा जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या ज्या अमेरिकन लोकांस अर्पण केला, त्यांत मी यालाही मोजतो.

तरीही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सेंट्रल पार्कच्या जागेवरून सुमारे सोळाशे माणसे उठविण्यात आली. त्यांत सेनेका व्हिलेज ही बहुतांशी कृष्णवर्णीय लोकांची वस्ती होती. १८२५ पासून तेथे त्यांची स्वतःची घरे, चर्चे व शाळा होती. हा निर्णय ओल्मस्टेडचा नव्हता. तो सरकारने आधीच घेतला होता. मोबदला दिला गेला, पण तो अपुरा असल्याची अनेकांची तक्रार होती. १८५७ साली ती वस्ती मोडली, आणि पुढच्याच वर्षी त्या भूमीसाठी तो आराखडा निवडला गेला.