सूर्य आणि चंद्र एकाच आभाळात

आम्ही शिरवण्याला राहतो. एकीकडे एमआयडीसीचे कारखाने, दुसरीकडे सिडकोच्या वसाहती आणि मधे जुने गावठाण. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मागे पाचवीतल्या एका मुलीने डोंगरावर सूर्य आणि चंद्र एकदमच काढले. आम्ही लाल पेनाने चंद्रावर काट मारली. ती काही बोलली नाही. तिने वही मिटून घेतली.

पुढे अकबर पदमसी यांच्याविषयी वाचले आणि ती वही आठवली.

पदमसींचा जन्म १९२८ सालचा, मुंबईतल्या एका व्यापारी खोजा कुटुंबातला. वडिलांच्या दुकानातल्या हिशेबाच्या वह्यांत हा मुलगा साप्ताहिकातली चित्रे पाहून काढत असे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण झाले आणि सय्यद हैदर रझांच्या पाठोपाठ १९५१ मध्ये ते पॅरिसला गेले. अतिवास्तववाद म्हणजे स्वप्नाला, मनाच्या तळाला कलेत जागा देणारी चळवळ. तिचा जाहीरनामा १९२४ मध्ये लिहिणारे कवी आंद्रे ब्रेताँ यांनी १९५२ मध्ये एका फ्रेंच कलानियतकालिकाच्या वतीने पदमसींना पारितोषिक दिले. पदमसी त्या पंथाचे झाले नाहीत. पण त्या पंथाच्या धुरीणाने मुंबईच्या या तरुणाची कल्पनाशक्ती ओळखली होती.

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत त्यांचे प्रदर्शन भरले. त्यातल्या प्रेमी युगुलाच्या चित्रात पोलिसांना अश्लीलता दिसली. चित्र उतरवा, असे सांगण्यात आले. पदमसींनी नकार दिला. खटला चालला आणि न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. तेव्हा त्यांचे वय जेमतेम पंचवीस-सव्वीस होते. चित्र उतरवले असते तर प्रकरण तिथेच मिटले असते!

आपल्या समाजात चित्राचा विषय निघाला की तसवीर जायज की नाजायज, हा प्रश्न आधी येतो. तो प्रश्न आम्ही टाळत नाही. पण इथे आक्षेप मशिदीतून आला नव्हता, सरकारी खात्यातून आला होता. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांना २००६ मध्ये देश सोडावा लागला आणि २०११ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. तिथेही विरोध करणारे वेगळेच होते. कल्पनेची भीती कोणा एका जमातीची मिरास नाही. ती आमच्या लाल पेनातही होती.

१९७० च्या सुमारास पदमसींनी 'मेटास्केप' ही निसर्गचित्रांची मालिका सुरू केली. हा निसर्ग डोळ्यांनी पाहिलेला नव्हे, मनातला. त्यात सूर्य आणि चंद्र एकत्र दिसतात. ही कल्पना त्यांना कालिदासाच्या 'शाकुंतला'तल्या नांदीवरून सुचली. तिथे सूर्य-चंद्र काळाचे नियंते आहेत. खोजा घरातला मुलगा पॅरिसला जातो, संस्कृत नाटकाशी नाते जोडतो आणि ते रंगांत मांडतो. हा आपलाही वारसा आहे. २०१० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २०२० च्या जानेवारीत ते गेले.

आम्ही त्या मुलीची वही पुन्हा मागितली. काट पुसली जाईना. म्हणून तिला कोरा कागद दिला आणि सांगितले, "बेटी, फिर से बनाओ. दोनों."

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या मुलांच्या वह्यांवर अशा किती काटा आपण मारल्या आहेत, हे एकदा मोजून पाहायला हवे.