मुक्काम दुबईत, काम लॅपटॉपवर; आरोग्य विम्याचं काय?

घोडेगावच्या कांदा बाजारात आडतीवर बसणाऱ्याचा मुलगा आज दुबईत राहून पुण्याच्या कंपनीचं काम करू शकतो. आजारी पडला तर बिल कोण भरणार, हे मात्र निघण्याआधीच बघावं.

नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याचा विमा तिथला मालक काढतो; दुबईत तसा 2013 चा कायदाच आहे. रिमोट कामाच्या एक वर्षाच्या व्हिसावर तिथला मालकच नसतो. त्यासाठी महिना किमान 3,500 डॉलर उत्पन्न आणि अमिरातीत चालणारा विमा, दोन्ही आपणच दाखवायचं.

फसगत इथेच होते. इकडच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम सहसा भारतातच चालतो. प्रवास विमा अचानक आलेल्या दुखण्यापुरता. शुगरच्या गोळ्या किंवा बाळंतपण त्यात सहसा बसत नाही. प्रवासी भारतीय बीमा योजना स्वस्त आहे, दोन वर्षांना 275 रुपये, पण ती ईसीआर पासपोर्टवर मजुरीला जाणाऱ्यांसाठी. दहावी पास मुलाला तो पासपोर्ट नसतो.

फॉर्म भरताना शुगर, बीपी लपवू नका. हप्ता वाढेल, पण लपवलं तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. कॅशलेस दवाखाने कोणते, दर भेटीला खिशातून किती जाणार, बायको-मुलं त्यात आहेत का, सुट्टीत गावी आल्यावर चालतो का, हे लेखी विचारा. मय्यत गावी आणण्याचा खर्चही विचारा, बोलायला जड जातं तरी. अमिरातीत तकाफुल कंपन्याही आहेत. अटी तिथल्याही वाचाव्याच लागतात.