ग्रंथाचे मुख आणि शोधकाची दृष्टी

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत जाणाऱ्या प्रवाशाची दृष्टी प्रथम तिच्या मिनारांकडे आणि कमानींच्या रांगेकडे वेधली जाते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास आत गेल्यावर आणखी एका गोष्टीपाशी थबकावे लागते. फारुकी घराण्यातील राजा अली खान, म्हणजेच आदिलशाह, याने बांधविलेल्या या वास्तूत अरबी लेखाच्या जोडीला देवनागरी लिपीत कोरलेला एक संस्कृत लेखही आहे. त्यात राजघराण्याची वंशावळ दिली असून संवत् १६४६, शके १५११ असा काळ येथील लोकांच्या गणनेप्रमाणे नोंदविला आहे. वास्तू कोणी बांधली, तो कोणाच्या वंशातला आणि केव्हा बांधली, एवढे तीन प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उभे राहणार. त्यांची उत्तरे त्याला समजेल अशा भाषेत आणि त्याच्या परिचयाच्या कालगणनेत देऊन ठेवावी, एवढी दूरदृष्टी त्या काळच्या राज्यकर्त्यांजवळ होती.

हा लेख आम्ही वर्गात अनेक वेळा सांगितला. त्याचा आपल्या आजच्या व्यवहाराशी काही संबंध आहे हे मात्र आमच्या ध्यानात फार उशिरा आले. प्रत्येक कृतीला दोन अंगे असतात. एक तिचा देह, आणि दुसरे तिचे मुख. म्हणजे जे पाहून शोधक आत यावयाचे की पुढे जावयाचे हे ठरवितो ते. पंडितांनी देहाची चिकित्सा पुष्कळ केली. मुखाचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला. आज महाजालावर शोध घेणाऱ्याला एक शीर्षक आणि त्याखाली दोन ओळींचा सारांश एवढेच प्रथम दिसते. तेव्हा या उपेक्षित अंगाचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

आपल्या जुन्या पोथीला नावाचे पान नसे. ग्रंथ कोणता, लेखक कोण, नक्कल कोणी व कोणत्या तिथीस केली, हे सारे शेवटच्या पुष्पिकेत येई. पोथी वाचणारा बहुधा ती कोणाकडून तरी ऐकून आलेला असे. त्यामुळे ओळख शेवटी आली तरी अडत नसे. मुद्रणकलेने ही रीत पालटली. १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण छापले गेले. त्याच्या नावाच्या पानावरच ग्रंथाचा विषय, कर्ता, मुद्रणस्थळ आणि वर्ष ही माहिती होती. छापील ग्रंथ अनोळखी हातांत जावयाचा, म्हणून त्याने आपली ओळख आरंभीच करून देणे प्राप्त झाले. पुष्पिका ग्रंथाच्या पायाशी होती, ती मस्तकी आली.

पुढे ग्रंथांची संख्या वाढली आणि एकेकाचे मुख पाहत बसणे अशक्य झाले. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणीच्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाचे नाव, भाषा, कर्ता, विषय, मुद्रणस्थळ, पृष्ठे, आकार आणि किंमत यांची नोंद सरकारदरबारी होऊ लागली. हेतू राजकीय देखरेखीचाही होता. परंतु ग्रंथाचे वर्णन ठरावीक रकान्यांत करण्याची शिस्त त्यातून रूढ झाली. या शिस्तीला मराठीत विद्वत्तेची प्रतिष्ठा दिली ती शंकर गणेश दाते यांनी. १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची त्यांची ग्रंथसूची १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि पुढील भाग १९६१ मध्ये. ज्या पुस्तकाची प्रत आज हाती लागत नाही, तेही दाते यांच्या काही ओळींमुळे आपणांस ठाऊक असते. देह नष्ट झाला तरी मुख उरले. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील चौथे वाचकाच्या वेळेची काटकसर करण्याविषयीचे आहे. चांगली नोंद म्हणजे वाचकाच्या वेळेवर केलेला उपकारच होय.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच वाङ्मयात आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. ग्रंथ नष्ट झाले नव्हते. मठामठांतून ते जपले जात होते. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी त्या लिपीची उकल करीपर्यंत मराठी गद्याचे हे आद्य भांडार बाहेरच्या अभ्यासकाला जवळजवळ अज्ञात होते. लीळाचरित्रावाचून मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला जात होता, हे आज नवल वाटते. जे शोधकाला दिसत नाही ते त्याच्या हिशेबी नसतेच, हा या प्रकरणाचा धडा आहे.

तोच प्रकार आपण पुन्हा एकदा, पण नकळत, केला. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये महाजालाची कल्पना मांडली. पुढे त्याची जी लेखनपद्धती तयार झाली तिच्यात पानाच्या शीर्षकाला आरंभापासून स्वतंत्र जागा होती. देवनागरीचा समावेश असलेली युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ मध्येच निघाली. तथापि पुढे कित्येक वर्षे मराठी संकेतस्थळे निरनिराळ्या खासगी टंकांत लिहिली जात राहिली. पडद्यावर सुबक मराठी दिसे, पण त्या अक्षरांच्या मागे रोमन चिन्हांची निरर्थक मालिका असे. शोधयंत्राला ती वाचता येत नसे. महानुभावांनी गुप्ततेसाठी जे केले ते आम्ही केवळ अनवधानाने केले. आधुनिक काळातील ही सकळ लिपीच म्हणावयाची!

शोधयंत्रांचा इतिहासही बोधप्रद आहे. प्रारंभीच्या काळात पानाचा कर्ता विषयाचे शब्द एका गुप्त ओळीत लिहून ठेवी आणि यंत्र त्यावर विश्वास ठेवी. लवकरच लोकांनी त्या ओळीत असंबद्ध पण लोकप्रिय शब्दांची भरताड केली. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी गत झाली. क्रम लावताना आपण ती ओळ मुळीच विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी परीक्षणे, गुणांक इत्यादी तपशील शोधाच्या उत्तरातच दाखविण्याची पद्धत गूगलने सुरू केली. २०११ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट व याहू यांनी एकत्र येऊन अशा वर्णनासाठी स्कीमा नावाची सामाईक परिभाषा ठरविली. हा लेख, हा त्याचा कर्ता, ही प्रसिद्धीची तारीख, असे रकाने त्यात असतात. दाते यांच्या सूचीशी आणि १८६७ च्या नोंदवहीशी त्याचे नाते वाचकांस सहज ओळखता येईल. पान कसे दिसेल हे आधी पाहण्याची साधनेही आली. गूगलची रिच रिझल्ट्स टेस्ट ही चाचणी त्यांपैकीच एक. छापखान्यात मुद्रिते तपासतात, तसाच हा प्रकार होय.

हे सारे ज्ञान आम्हांस एका लहानशा प्रसंगाने झाले. दापोरा हे आमचे गाव बुऱ्हाणपूर जिल्ह्यात आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी आमच्या राज्याची राजधानी नागपूर होती आणि मराठी ही हिंदीच्या बरोबरीने राज्यभाषा होती. विदर्भ तिकडे गेला, आम्ही येथे राहिलो. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, ही आमची स्थिती. एकदा आम्ही नववीच्या मुलांना कुंडी भंडाऱ्यावर, म्हणजे १६१५ च्या सुमारास खानखाना अब्दुर्रहीम याच्या अमदानीत झालेल्या भूमिगत जलयोजनेवर, मराठीत निबंध लिहावयास सांगितले. मुलांनी हिंदी पानांवरून उतारे आणले. 'सर, मराठीत या विषयावर काहीच नाही,' असे एका मुलाने सांगितले. वस्तुतः आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यांनी श्रमपूर्वक लिहिलेला मराठी लेख शाळेच्याच संकेतस्थळावर दोन वर्षे पडून होता!

आम्ही चौकशी केली. लेख जुन्या टंकात होता. पानाचे शीर्षक केवळ 'मुखपृष्ठ' एवढेच होते. सारांशाची जागा रिकामी असल्याने शोधयंत्र पानावरचे पहिले वाक्य उचलून दाखवी. ते होते, 'आपले सहर्ष स्वागत आहे'. दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता. आम्ही लेख युनिकोडमध्ये आणला. 'कुंडी भंडारा, बुऱ्हाणपूर: मोगलकालीन भूमिगत जलयोजना' असे शीर्षक दिले आणि लेखात काय आहे ते दोन वाक्यांत लिहिले. 'खूनी भंडारा' हे प्रचलित नाव आणि 'बुरहानपुर' हे हिंदी रूप लेखाच्या ओघात एकेकदा आणले, कारण शोधणारा कोणत्या नावाने येईल हे सांगता येत नाही. काही आठवड्यांनी तो लेख मराठी शोधात दिसू लागला.

या कामात देवनागरीची एक अडचण ध्यानात आली. शीर्षक साठ अक्षरांचे असावे असा संकेत सर्वत्र सांगतात. परंतु उत्तराच्या ओळीत जागा असते ती रुंदीच्या मापाने. आणि यंत्र जी चिन्हे मोजते ती आपली अक्षरे नव्हेत. 'बुऱ्हाणपूर' या शब्दात आपण पाच अक्षरे मोजतो. यंत्राच्या लेखी तेथे दहा चिन्हे असतात. शिवाय त्यातील अर्धा 'ऱ' दोन भिन्न प्रकारांनी टंकित होऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून मराठी लेखकाने आकड्यांवर न विसंबता शीर्षक पडद्यावर प्रत्यक्ष पाहावे आणि महत्त्वाचा शब्द आरंभी ठेवावा. 'आमच्या विद्यालयाच्या वतीने सविनय सादर' अशी सुरुवात केली, तर विषय येण्यापूर्वीच ओळ संपते.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. आपण दिलेले शीर्षक यंत्र जसेच्या तसे दाखवीलच असे नाही. २०२१ पासून गूगल पानावरील अन्य मथळ्यांच्या आधारे शीर्षकात अधिक फेरफार करू लागले, आणि सारांश तर शोधकाच्या प्रश्नानुसार पानाच्या मजकुरातूनही निवडला जातो. अर्थ असा की, मुख आणि देह यांचा मेळ असल्याखेरीज केवळ मुखाची सजावट फार काळ टिकत नाही. आत जे आहे तेच दारावर लिहावे, ही नीती येथे व्यवहारातही उपयोगी पडते.

शीर्षक आणि सारांश ही व्यापाऱ्यांची कामे, साहित्यिकांनी त्यांत पडू नये, असे आमच्या काही मित्रांचे मत आहे. आम्हांस ते पटत नाही. दाते यांनी हजारो पुस्तकांच्या नोंदी केल्या त्या विक्रीसाठी नव्हेत. आमच्यासारख्या सीमेवरच्या गावात तर प्रश्न याहून गंभीर आहे. मुलाने स्वतःच्या भाषेत स्वतःच्या गावाचा शोध घेतला आणि त्याला काही मिळाले नाही, तर तो लेखाला दोष देत नाही. या भाषेत ज्ञान नाही, असा निष्कर्ष काढतो. एकदा तो निष्कर्ष मनात रुजला की, मागाहून दिलेली व्याख्याने त्याला उपटून काढू शकत नाहीत.

सुमारे सव्वाचारशे वर्षांपूर्वी एका राजाने अरबी जाणणाऱ्यांपुरते न थांबता दुसऱ्या भाषेच्या वाचकासाठी मशिदीच्या भिंतीवर ओळी कोरविल्या. आपणांस दगड फोडावयाचा नाही. आपापल्या शाळेच्या, संस्थेच्या आणि नियतकालिकाच्या पानांवर दोन प्रामाणिक वाक्ये लिहावयाची आहेत. आमच्या शाळेत आता प्रत्येक निबंधाखाली विद्यार्थी दोन वाक्यांत त्याचा सारांश लिहितात. पुष्कळांना निबंधापेक्षा तीच दोन वाक्ये कठीण वाटतात. आणि ती लिहिताना आपल्या निबंधात नेमके काय आहे, हे त्यांना प्रथमच कळते.