‘उपयोजन’ ठरवायचं कोणी?

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या बी.एड. झालेल्या गणित शिक्षकाला ब्लूमबद्दल विचारलं तर बहुधा उत्तर येतं: ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य. १९५६ च्या मूळ पुस्तकात मात्र सहा पायऱ्या आहेत, आणि कौशल्य नावाची स्वतंत्र पायरी त्यात नाहीच!

ते वर्गीकरण केलं अमेरिकेतल्या महाविद्यालयीन परीक्षकांनी, एकमेकांना प्रश्न देता-घेता यावेत म्हणून. १९५७ मध्ये ब्लूम भारतात आले तेही परीक्षा सुधारणेच्या कामासाठी. मग चार उद्दिष्टांची सुटसुटीत यादी आपल्याकडे रूढ झाली आणि घटक चाचणीच्या संविधान तक्त्यात जाऊन बसली. अध्यापनात ती फारशी उतरली नाही.

अडचण इथेच आहे. वृत्तचितीच्या आकाराच्या टाकीत किती लिटर पाणी मावेल, हा प्रश्न तक्त्यात ‘उपयोजन’. पण तेच उदाहरण आकडे बदलून वर्गात पाचदा झालं असेल, तर मुलं नुसती आठवतात. प्रश्नाची पातळी मुलांच्या आधीच्या शिकण्यावर अवलंबून असते, हे ब्लूम आणि सहकाऱ्यांनी त्याच पुस्तकात नोंदवलंय.

म्हणून नुसत्या प्रश्नपत्रिकेवरून कोडिंग करू नका. (मीही आधी तेच करत होतो.) शिक्षकाची टाचणवही आणि मुलांची गणिताची वही शेजारी ठेवा, मगच कोड लिहा.