वाचकाचा अधिकार : ज्यूरीच्या इतिहासातील एक प्रश्न

लंडनमधील ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयाच्या इमारतीत एक संगमरवरी फलक आहे. १६७० साली न्यायाधीशांच्या दडपणाला न जुमानता दोन क्वेकरपंथीयांना दोषी ठरविण्याचे नाकारणाऱ्या ज्यूरीच्या धैर्याची ती स्मृती आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या ४६ क्रमांकाच्या दालनाबाहेरही एक फलक आहे. त्याचे अनावरण १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते झाले. ज्यूरीने काहीही ठरविले असले तरी आपण निर्दोष आहोत, असे १९०८ साली सांगणाऱ्या लोकमान्य टिळकांचे शब्द त्यावर कोरलेले आहेत. एका फलकावर ज्यूरीचा गौरव आहे, दुसऱ्यावर ज्यूरीला नाकारणाऱ्या आरोपीचा. संस्था एकच, कायद्याची परंपराही एकच. मग स्मृती इतक्या परस्परविरोधी का? ज्यूरीच्या हक्काला कात्री लावण्यावरून ब्रिटनमध्ये २०२५ सालापासून जो वाद पेटला आहे, तो समजून घेण्यासाठी या प्रश्नाचा उपयोग होईल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

वादाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. इंग्लंड आणि वेल्समध्ये गंभीर गुन्ह्यांचे खटले क्राउन कोर्टापुढे चालतात. तेथे तुंबलेल्या खटल्यांची संख्या २०२५ मध्ये ७८,०००च्या वर गेली. निवृत्त न्यायमूर्ती सर ब्रायन लेव्हसन यांनी त्या वर्षीच्या जुलैमध्ये सादर केलेल्या अहवालात, मध्यम स्वरूपाच्या गुन्ह्यांसाठी ज्यूरीऐवजी एक न्यायाधीश आणि दोन मॅजिस्ट्रेट यांचे पीठ असावे, असे सुचविले. (तेथील बहुसंख्य मॅजिस्ट्रेट हे विनावेतन काम करणारे सामान्य नागरिक असतात.) डिसेंबर २०२५ मध्ये न्यायमंत्री डेव्हिड लॅमी यांनी याहून एक पाऊल पुढे टाकले. ज्या खटल्यात तीन वर्षे वा त्याहून कमी शिक्षा संभवते, तेथे एकट्या न्यायाधीशाने निर्णय द्यावा. खून, बलात्कार यांसारख्या गुन्ह्यांत मात्र ज्यूरी कायम राहावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. यातील विरोधाभास टीकाकारांच्या नजरेतून सुटला नाही. याच लॅमी यांनी २०१७ साली न्यायव्यवस्थेतील वांशिक विषमतेचा जो सविस्तर अहवाल लिहिला होता, त्यात ज्यूरीचे निर्णय वर्णावरून बदलत नाहीत, असा निर्वाळा होता. आणि २०२० साली, विरोधी पक्षात असताना, ज्यूरीविना फौजदारी खटले चालविण्याच्या कल्पनेला त्यांनी जाहीर विरोध केला होता.

ही केवळ एका मंत्र्याची विसंगती असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु ज्यूरी आकसत जाण्याची प्रक्रिया बरीच जुनी आहे. १८५५च्या कायद्याने किरकोळ चोऱ्यांचे खटले मॅजिस्ट्रेटांकडे गेले. १९३३ साली दिवाणी खटल्यांतील ज्यूरीचे क्षेत्र संकुचित झाले. उत्तर आयर्लंडमध्ये हिंसाचाराच्या काळात, १९७३ पासून, लॉर्ड डिप्लॉक यांच्या शिफारशीनुसार दहशतवादाचे खटले एकटा न्यायाधीश चालवू लागला. मधल्या गुन्ह्यांत ज्यूरी मागण्याचा आरोपीचा हक्क काढून घेणारी दोन विधेयके टोनी ब्लेअर यांच्या सरकारने आणली, ती २००० साली उमराव सभेने हाणून पाडली. आज इंग्लंडमधील नव्वद टक्क्यांहून अधिक फौजदारी प्रकरणे ज्यूरीचे तोंडही न पाहता मॅजिस्ट्रेटांपुढे संपतात. तथापि, जे थोडे खटले उरतात त्यांच्याभोवती एवढी भावना का गुंतलेली आहे, हे कळण्यासाठी मागे जावे लागते.

मध्ययुगीन युरोपात तापलेले लोखंड हाती धरायला लावून किंवा पाण्यात टाकून आरोपीची दिव्ये घेतली जात. १२१५ साली रोम येथील लॅटरन धर्मपरिषदेने अशा दिव्यांत धर्मगुरूंनी भाग घेण्यास मनाई केली. आता ईश्वराचा कौल घेता येईना. मग सत्य कोणाला विचारावे? इंग्लंडने या प्रश्नाचे उत्तर शेजाऱ्यांत शोधले. त्या परिसरातील बारा माणसे शपथेवर सांगतील ते प्रमाण मानावे, अशी रीत हळूहळू रुजली. त्याच वर्षीच्या मॅग्ना कार्टातील, आपल्या बरोबरीच्या लोकांकडून न्याय मिळण्याच्या कलमाचा संबंध पुढे या रीतीशी जोडला गेला. ज्यूरी कारण देत नाही, केवळ निर्णय देते. या वैशिष्ट्यात त्या प्राचीन दैवी कौलाची छाया अजूनही दिसते.

परंतु बारा माणसे असणे वेगळे आणि ती स्वतंत्र असणे वेगळे. १६७० साली विल्यम पेन आणि विल्यम मीड यांच्यावर लंडनच्या रस्त्यावर बेकायदा जमाव जमवून प्रवचन केल्याचा खटला झाला. ज्यूरी त्यांना दोषी ठरवेना, तेव्हा तिला दोन रात्री अन्नपाण्यावाचून कोंडून ठेवण्यात आले. तरीही ती बधली नाही. मग ज्यूरीवरच दंड बसला आणि तो भरण्यास नकार देणारे एडवर्ड बुशेल व त्यांचे सोबती तुरुंगात गेले. मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी त्यांची सुटका करताना जे तत्त्व घालून दिले त्यावर पुढची इमारत उभी राहिली : निर्णयाबद्दल ज्यूरीला शिक्षा करता येणार नाही.

यापुढचा टप्पा साहित्याच्या अभ्यासकांना विशेष जवळचा वाटावा. अठराव्या शतकात राजद्रोही लेखनाच्या खटल्यांत ज्यूरीला एवढेच विचारले जाई की, हे लेखन या माणसाने प्रसिद्ध केले की नाही. त्या लेखनाचा अर्थ काय आणि तो द्रोहकारक आहे की नाही, हे न्यायाधीश ठरवीत. म्हणजे छापणारा कोण हे सामान्य माणसाने सांगावे आणि वाचण्याचे काम राज्यसंस्थेने करावे, अशी ही विभागणी होती. सेंट असाफच्या डीनवरील खटल्यात (१७८३-८४) थॉमस अर्स्किन या वकिलाने या विभागणीविरुद्ध झुंज दिली. तेथे तो हरला. परंतु १७९२ साली फॉक्स यांच्या कायद्याने संपूर्ण प्रश्न, अर्थात अर्थासह, ज्यूरीच्या हाती आला. मजकुराचा अर्थ लावण्याचा अधिकार कायद्याने सामान्य वाचकाला दिला, असे या घटनेचे वर्णन केल्यास ते अतिशयोक्त ठरू नये. दोनच वर्षांनी थॉमस हार्डी, हॉर्न टूक आणि थेलवॉल या सुधारणावाद्यांवरील देशद्रोहाच्या खटल्यांत ज्यूरींनी तिघांनाही निर्दोष सोडले.

हीच परंपरा समुद्र ओलांडून मुंबईत आली. पण येताना तिच्यातील 'बरोबरीचे' या शब्दाचा अर्थ बदलला. १८२६च्या कायद्याने हिंदी लोकांना ज्यूरीत बसण्याची मुभा मिळाली. मात्र हिंदू वा मुसलमान ज्यूरर ख्रिस्ती आरोपीचा न्याय करू शकत नव्हता. राममोहन रॉय यांनी या भेदाविरुद्ध आवाज उठविला आणि १८३२ साली तो दूर झाला. तरी पन्नास वर्षांनी, इल्बर्ट विधेयकावरील गदारोळानंतर १८८४ साली जी तडजोड झाली, तिने युरोपीय आरोपीला निदान निम्मी ज्यूरी युरोपीय वा अमेरिकन मागण्याचा हक्क दिला. बरोबरीच्या माणसांकडून न्याय हे तत्त्व येथे पाळले गेले, पण ते एकाच वर्णासाठी!

टिळकांच्या दोन्ही खटल्यांत याची प्रचिती येते. १८९७ साली ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी होते. सहा विरुद्ध तीन असा कौल पडून दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०८ साली 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या 'केसरी'तील लेखांबद्दल न्या. दावर यांच्यापुढे खटला उभा राहिला, तेव्हा विशेष ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. कौल सात विरुद्ध दोन पडला आणि टिळक मंडालेस गेले. आपला बचाव करताना टिळक एकवीस तासांहून अधिक बोलले. त्या भाषणातील एक मुद्दा आजही विचार करण्याजोगा आहे. लेख मराठीत होते, ते मराठी वाचकांसाठी लिहिले होते. आणि त्यांचा न्याय करणाऱ्यांपुढे होते ते इंग्रजी भाषांतर, तेही सदोष. शब्दांच्या छटा, प्रचलित वादांचे संदर्भ, 'केसरी'च्या वाचकाला सहज उमगणारा सूर यांपैकी काहीही त्या भाषांतरात उतरणे शक्य नव्हते. इंग्लंडातील ज्यूरीने मुद्रणस्वातंत्र्य कसे राखले याचा दाखला टिळकांनी त्याच ज्यूरीला दिला. १७९२ साली वाचकाला मिळालेला अधिकार १९०८ साली अशा वाचकांच्या हाती होता, ज्यांना तो मजकूर मुळातून वाचताच येत नव्हता. दोन फलकांतील विरोधाचे उत्तर येथे मिळते.

इंग्लंडमध्ये तरी हे बारा जण कोण होते? विसाव्या शतकापर्यंत मालमत्ता असलेले पुरुषच. १९१९ नंतर स्त्रियांना प्रवेश मिळाला, पण मालमत्तेची अट १९७०च्या दशकाच्या आरंभापर्यंत टिकली. अशाच ज्यूरीपुढे १९६० साली डी. एच. लॉरेन्स यांच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीवरील अश्लीलतेचा खटला चालला. तीत नऊ पुरुष आणि तीन स्त्रिया होत्या. आपल्या पत्नीने किंवा नोकरांनी हे पुस्तक वाचावे असे तुम्हांस वाटेल काय, असा प्रश्न सरकारी वकिलांनी त्यांच्यापुढे ठेवला. ज्यूरीने कादंबरी वाचली आणि प्रकाशकाला निर्दोष ठरविले. येथे एक हिशेब मांडून पाहावा. १९५९च्या ज्या कायद्याखाली हा खटला झाला, त्यात कमाल शिक्षा तीन वर्षांचीच होती. लॅमी यांच्या प्रस्तावाचे माप त्याला लावले, तर तो ज्यूरीपुढे गेलाच नसता.

ज्यूरीविना काय झाले असते, याची कल्पना करण्याची गरज नाही. त्याचा दाखला मुंबईतच आहे. तीच कादंबरी विकल्याबद्दल मुंबईतील एका पुस्तकविक्रेत्यावर खटला झाला. मुल्कराज आनंद यांनी कादंबरीच्या वाङ्मयीन मूल्याविषयी साक्ष दिली. मॅजिस्ट्रेटांनी वीस रुपये दंड केला, उच्च न्यायालयाने तो कायम केला आणि १९६४ साली न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिलेल्या निकालपत्राद्वारे सर्वोच्च न्यायालयानेही. त्या निकालपत्राची मांडणी अभ्यासपूर्ण आहे. त्यात कारणे आहेत, जी ज्यूरीच्या निर्णयात कधीच नसतात. पण वाचकाने काय वाचावे हे तेथे वाचकाला विचारले गेले नाही. दोन्ही खटल्यांचे कायदे वेगळे होते हे खरेच. ब्रिटनमधील नव्या कायद्यात वाङ्मयीन मूल्याचा बचाव स्पष्टपणे दिलेला होता. तरीही निर्णय कोणी दिला, हा फरक नजरेआड करता येत नाही.

याचा अर्थ ज्यूरी निर्दोष आहे असा नव्हे. १९५९ साली मुंबईच्या ज्यूरीने कमांडर नानावटी यांना आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरविले, तेव्हा सत्र न्यायाधीशांनी असहमती दर्शवून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले आणि अखेर १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. या एका खटल्याने भारतातील ज्यूरी संपविली, अशी लोकप्रिय समजूत आहे. वस्तुतः विधी आयोगाने १९५८ सालीच ती बंद करण्याची शिफारस केली होती, आणि १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तिला उरलीसुरली जागाही ठेवली नाही.

पुन्हा ब्रिटनकडे वळू. लॅमी यांच्या बाजूनेही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. खटल्यासाठी वर्षानुवर्षे ताटकळणाऱ्या अत्याचारपीडितेला मॅग्ना कार्टाचे स्तोत्र ऐकवून काय उपयोग? साक्षीदार विसरतात, फिर्यादी कंटाळून माघार घेतात. विलंब हाही अन्याय आहे, आणि तो बहुधा दुबळ्याच्याच वाट्याला येतो. परंतु हा तुंबारा ज्यूरीने निर्माण केला काय? २०१० नंतर अनेक न्यायालयांच्या इमारती बंद झाल्या, २०१२च्या कायद्याने कायदेविषयक सरकारी मदत आटली, कामकाजाच्या दिवसांवर मर्यादा आल्या, २०२० साली कोविडची साथ आली आणि २०२२ साली बॅरिस्टरांचा संप झाला. यांपैकी एकही कारण बारा नागरिकांच्या खोलीत जन्मलेले नाही. घर गळते म्हणून देवघर पाडावे, तसे हे होईल.

शिवाय शिक्षेच्या लांबीवरून खटल्याचे महत्त्व मोजण्यात एक गफलत आहे. राज्यसंस्था आणि नागरिक यांच्यातील कळीचे खटले पुष्कळदा लहान शिक्षेचेच असतात. बेलग्रानो जहाजाच्या बुडविण्याविषयीची कागदपत्रे एका खासदाराला पाठविणारे सनदी अधिकारी क्लाइव्ह पाँटिंग यांना १९८५ साली ज्यूरीने सोडले, ते न्यायाधीशांचा रोख स्पष्टपणे विरुद्ध असताना. २०२३ साली एक निवृत्त समाजसेविका लंडनच्या एका न्यायालयाबाहेर ज्यूरीला सदसद्विवेकाने निर्णय देण्याचा हक्क आहे, असे लिहिलेला फलक हाती धरून उभी राहिली. तिच्यावर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई सुरू करण्याचा सरकारचा प्रयत्न उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळला. तिच्या हातातील पुठ्ठ्यावर जे होते, तेच तत्त्व ओल्ड बेलीतील संगमरवरावर कोरलेले आहे.

ज्यूरीची खरी कसोटी तिच्या वेगात नाही, तशी ती तिच्या पुरातनपणातही नाही. राज्यसंस्थेला आपले म्हणणे सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत मांडून त्याला पटवावे लागते, हे तिचे मोल आहे. आणि तो सामान्य माणूस खरोखर त्या समाजातून, त्या भाषेतून आलेला नसेल तर हे मोल शून्य होते, हा मुंबईचा धडा आहे. ब्रिटनने मालमत्तेची, लिंगाची अट दूर करून गेल्या शंभर वर्षांत जी ज्यूरी घडविली, ती तिच्या साऱ्या इतिहासात प्रथमच खऱ्या अर्थाने समाजाचे प्रतिबिंब झाली आहे. ज्या टिळकांना तशी ज्यूरी कधी मिळाली नाही, त्यांच्या फलकापुढे उभे राहिले की वाटते : ती घडून पुरती होते न होते तोच तिला बाजूला सारण्याची घाई का?