इंटरप्ट: ॲम्स्टरडॅमची भीती आणि वाळूजची मोटरसायकल

इंटरप्टचा इतिहास आज आपल्याला आपल्या शहराच्या वेशीपर्यंत आणायचाय. सुरुवात मात्र ॲम्स्टरडॅममध्ये.

1957 च्या सुमारास तिथल्या गणित केंद्रात एक्स-1 हा संगणक आकार घेत होता. लूपस्ट्रा आणि स्कोल्टन यांनी सुचवलं, की ‘झालं का, झालं का’ असं प्रोसेसरने प्रिंटरला सारखं विचारू नये. काम झालं की प्रिंटरनेच हाक मारावी. ही हाक म्हणजे इंटरप्ट. ती घेणारा प्रोग्राम लिहायचा होता एड्सगर डायक्स्ट्रा यांना, आणि ते चक्क घाबरले! हाक कोणत्या क्षणी येईल ते ठरलेलं नाही. म्हणजे तोच प्रोग्राम दोनदा चालवला तर दोन वाटांनी जाणार. चूक एकदा दिसेल, पुन्हा सापडणारच नाही. शेवटी ते कामाला लागले, 1959 चा त्यांचा प्रबंध त्यावरच आहे. पण भीती रास्त होती, असं आम्हाला वाटतं.

आता वाळूज. बजाजचा कारखाना तिथे 1985 मध्ये सुरू झाला, तेव्हा दुचाकीत कार्ब्युरेटर असायचा. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 लागू झालं आणि देशभर बहुतेक दुचाकींत इंधन इंजेक्शन आलं. आता क्रँकजवळचा सेन्सर दर दात्याला कंट्रोलरला हाक मारतो. मिनिटाला 6000 फेरे म्हणजे सेकंदाला 100. बारा दाते धरले तर सेकंदाला 1200 इंटरप्ट. एक अंश फिरायला जेमतेम 28 मायक्रोसेकंद! ड्रायव्हरने शंभर मायक्रोसेकंद इंटरप्ट बंद ठेवले, तर तेवढ्यात क्रँक साडेतीन अंश पुढे गेलेला असतो. म्हणून दात्याची नेमकी वेळ हार्डवेअर टायमरकडूनच टिपून घेतात.

बिघाड शोधायचा कसा? डीबगरने प्रोग्राम थांबतो, इंजिन नाही. म्हणून युक्ती जुनीच: हँडलरमध्ये शिरताना एक पिन वर करायची, निघताना खाली, आणि ऑसिलोस्कोपवर ती सेन्सरच्या सिग्नलशेजारी बघायची. दोन्हींतलं अंतर मधूनच वाढलं, तर कुणीतरी इंटरप्ट अडवून बसलंय. एकाच हाकेला हँडलर पुन्हा पुन्हा धावतोय, तर बहुधा फ्लॅग पुसायचा राहिलाय.

सगळ्यात चिवट तिसरा प्रकार. सोळा बिटांच्या चिपवर टास्क बत्तीस बिटांचा आकडा दोन तुकड्यांत वाचतो. नेमका मधेच इंटरप्ट आला, तर अर्धा आकडा जुना, अर्धा नवा. दिवसभर गाडी टेबलावर चालवा, काही होत नाही. रस्त्यावर एकदाच झटका देते. डायक्स्ट्रा घाबरले होते ते ह्यालाच.