गहाण पडलेला जिल्हा

पगार थकला म्हणजे कामगार काय करतो, हे मी आयुष्यभर पाहत आलो आहे. तो कारखान्याच्या फाटकाशी बसतो, वाण्याची उधारी वाढवितो आणि अखेर बायकोचे डोरले गहाण टाकतो. परंतु श्रोतेहो, फौजेच्या पगारापायी अख्खा मुलूखच गहाण पडावा, असेही एकदा घडले आहे. आणि तो मुलूख आपलाच होता.

निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. तिचे अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून. वर्षाला सुमारे 40 लाख रुपये! आपल्या शेजारच्या मोमिनाबादेस, म्हणजे अंबाजोगाईस, तिची छावणी होती. हा खर्च भागविण्यासाठी चंदूलालाने पामर कंपनीकडून जबर व्याजाने कर्जे काढली. 1843 साली चंदूलाल कारभारातून गेला, देणे राहिले.

खजिन्यात पैसा येणार तरी कोठून? वसुलीचे मक्ते दिलेले. मक्तेदार सरकारात रक्कम भरी आणि मग ती रयतेकडून नफ्यासकट काढी. निजामाच्या पदरच्या अरब-रोहिल्यांचेही पगार थकत, तेव्हा तेही पगारापोटी मुलूख दाबून बसत. शिपायाचा पगार थकला तर त्याच्या हाती तलवार होती. सारा थकलेल्या कुणब्याच्या हाती काय होते?

21 मे 1853 रोजी तह झाला. कंटिंजंटचा पगार आणि कर्ज यांपोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. नळदुर्गास मेडोज टेलर कारभारी म्हणून आला. त्याने जमीनमोजणी हाती घेतली. माणूस कामाचा, हे कबूल केले पाहिजे. पण सारा जात होता तो त्याच फौजेच्या पगाराला.

तहानंतर काही दिवसांतच सालारजंग दिवाण झाला. वय अवघे 24. त्याने सावकारांच्या आणि अरबांच्या हातातले मुलूख एकेक करून सोडविले. 1865 साली जिल्हाबंदी करून मक्तेदारांच्या जागी पगारी तालुकदार नेमले. मजुरांच्या इतिहासात दिवाणाचे नाव कोणी घेत नाही. मी घेतो, कारण चाकराला वेळेवर पगार देणाऱ्या सरकारलाच मक्तेदाराला घरी बसविता येते.

1857 साली निजाम इंग्रजांच्या बाजूस राहिला. त्याचे बक्षीस 1860 च्या तहात मिळाले : 50 लाखांचे कर्ज माफ, धाराशिव आणि रायचूर परत. वऱ्हाड मात्र सुटले नाही. आणि त्याच तहात एक कलम असे होते की, दिलेल्या मुलखाच्या जमाखर्चाचा हिशेब निजामाने मागू नये. आपल्या गावांनी सात वर्षे भरलेल्या साऱ्याचा हिशेबही त्या कलमात गेला.